पंच्याण्णवची पट्टी

मायक्रॉनराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं कारखान्यातल्या टर्नर-फिटर मंडळींनी, आणि ते असं चपखल बसलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉनरावांनी तपासणी विभागाच्या काचेच्या खोलीत बसून चौतीस वर्षं त्या केसाचा कीस काढला.

काम मोठं सुखाचं होतं. बाहेर लोक घामाघूम होऊन वस्तू बनवायचे आणि हे आत पंख्याखाली बसून त्या मोजायचे. माप बरोबर असेल तर वस्तूवर हिरवा ठिपका, चुकलं असेल तर लाल. हिरव्या रंगाची बाटली दोन-दोन वर्षं पुरायची, लाल मात्र दर महिन्याला मागवावी लागायची, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत. खोलीत भिंतीवर थर्मामीटर, त्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी: ‘गरम माल टेबलावर ठेवू नये.’ ‘चालेल’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. एखादा कामगार अजिजीनं म्हणालाच की साहेब, एवढ्यानं काय होतंय, चालेल की, तर ते चष्म्यावरून बघत आणि ब्रश लाल बाटलीत बुडवत. वर पुन्हा ऐकवत, “एकदा लाल लागला की लागला.”

असा माणूस निवृत्त झाला तेव्हा कारखान्याला हायसं वाटलं असणार, पण निरोपसमारंभात तसं बोलायची पद्धत नाही. तीन वरिष्ठांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. चौथा म्हणाला, “चौतीस वर्षांत साहेबांच्या हातून एकही चूक झाली नाही.” त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे बोललं, “होईल कशी? त्यांनी एकही वस्तू केली नाही.”

सगळे खो खो हसले. मायक्रॉनरावही हसले, हार घालून बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकलं ते अडकलंच. घरी येईपर्यंत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: एक वस्तू. आयुष्यात एकच, पण स्वतःच्या नकाशाबरहुकूम, स्वतःच्या हातानं केलेली, आणि स्वतःच्याच मायक्रोमीटरखाली पास झालेली. त्या वस्तूवर हिरवा ठिपका लावल्याशिवाय मरायचं नाही.

महिन्याभरात घरात लेथ आला. टेबलावर मावणारा, छंदवाल्यांचा छोटा लेथ. लेक लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. तिथं तिच्या अभ्यासाच्या टेबलावर लेथ बसला, शाळेतल्या ढाली आणि पेले वरच्या फळीवर गेले, आणि भिंतीवर थर्मामीटर लागला. पहिले दोन महिने मायक्रॉनरावांनी त्या लेथवर काहीही बनवलं नाही. ते लेथच मोजत बसले. त्यात त्यांना सव्वीस दोष सापडले, ते त्यांनी चार पानांत लिहून विकणाऱ्या कंपनीला पाठवले. कंपनीनं आभार मानले आणि एक किल्ल्यांची साखळी भेट म्हणून पाठवली. साखळीची कडीसुद्धा गोल नव्हती, हे त्यांनी मोजून दाखवलं.

आता वस्तू कोणती करायची? तो प्रश्न बायकोनं सोडवला, म्हणजे तिच्या शिलाई मशीननं. बाई पुढच्या खोलीत जाड कापडाचं शिवायची, गाड्यांच्या सीटची कव्हरं, पिशव्या, तंबू. मशीन तिच्या आईच्या वेळचं, हत्तीसारखं दणकट. त्याच्या पोटातली एक पट्टी तडकली. बोटाएवढी रुंद, पंच्याण्णव मिलिमीटर लांब, मधे खाच. गुडघ्यानं कळ दाबली की ही पट्टी सरकायची आणि कापड दाबून धरणारा पाय वर उचलला जायचा. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

“बाहेरून करून आणू?” बायकोनं विचारलं.

“बाहेरून?” मायक्रॉनराव दुखावलेच. “घरात लेथ असताना?”

“मग कधी देताय?”

“आठ दिवसांत.”

त्या आठ दिवसांचे चौदा महिने झाले. तोवर बाईनं त्या पायाला एक नाडी बांधली. दोन्ही हात कापडात गुंतले की ती नाडी दातांत धरायची आणि मान वर करून पाय उचलायची. गिऱ्हाइकं समोर बसून बघायची आणि विचारायची, वहिनी, मानेला काही झालंय का?

अडचण अशी होती की लेथवर गोल वस्तू होतात. तिथं वस्तू गरगर फिरते आणि हत्यार स्थिर राहून तिला कापतं. चपट्या पट्टीत खाच पाडायची, तिची टोकं सपाट करायची, तर उलटं हवं, म्हणजे कटर फिरला पाहिजे आणि पट्टी त्याच्यापुढून सरकली पाहिजे. त्याला मिलिंग म्हणतात आणि त्याचं यंत्र वेगळं असतं. पण छंदवाले लोक लेथलाच मिलिंग शिकवतात. जिथं वस्तू धरायची तिथं, म्हणजे तीन जबड्यांच्या चकमध्ये, कटर धरायचा. हत्यार धरणारी वरची छोटी स्लाइड खोलायची आणि काटकोनी ब्रॅकेटवर उभी बसवायची, की वस्तू वरखालीही सरकवता येते. पुस्तकात लिहिलं होतं: एका सुटीच्या दिवसाचं काम.

पुस्तक लिहिणारा मायक्रॉनरावांना ओळखत नव्हता. त्यांनी पहिला ब्रॅकेट आणला, तो काटकोनात साठ मायक्रॉननं चुकीचा निघाला. लाल. दुसरा पंचेचाळीसनं. लाल. तिसरा बरा होता, पण त्याची भोकं सरळ नव्हती. चौथा त्यांनी स्वतः कानशीनं घासायला घेतला आणि घासता घासता त्याची वाट लावली, तेव्हा स्वतःच्याच हाताला त्यांनी तीन ओळींचा लेखी शेरा दिला. बोल्टांचे तपासणी तक्ते झाले. नटांचे झाले. ज्या फळीवर हे सगळं ठेवायचं ती फळीही पातळीत नव्हती, म्हणून तिच्यावरही लाल ठिपका पडला. एके दिवशी बायको खोलीत डोकावली आणि म्हणाली, “अगं बाई, खोलीला गोवर आलाय की!”

शेवटी सहावा ब्रॅकेट बसला. स्लाइड उभी राहिली. मायक्रॉनरावांनी तिचा फोटो काढून लेकीला पाठवला. लेकीनं उलट विचारलं, आईची पट्टी झाली का?

मग पट्टीचा नकाशा. लांबी पंच्याण्णव, कमीजास्त वीस मायक्रॉन. मशीनला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालला असता, पण मायक्रॉनरावांना तो चालणार नव्हता, आणि त्यांना पट्टी पास करायची होती ती स्वतःकडून, मशीनकडून नव्हे. पहिला तुकडा लावला, लेथ सुरू केला. काय आवाज तो! लेकीचे पेले फळीवरून नाचत कडेला आले. खाच तीन मिलिमीटर खोल हवी होती. ती एका टोकाला तीन भरली आणि दुसऱ्या टोकाला साडेचार. मायक्रॉनरावांनी ती चाळीस वेळा मोजली आणि तक्त्यात लिहिलं: ‘कारण: धातू सदोष.’ दुसरा तुकडा दुसऱ्या धातूचा. तीन ते पावणेपाच. ‘कारण: विजेचा दाब अनियमित.’ तिसऱ्याला खोलीच्या फरशीचा दोष निघाला. सात पट्ट्या झाल्या, सातही लाल. आठवीपर्यंत त्यांचा जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींवर ठपका ठेवून झाला होता.

त्याच आठवड्यात बाईच्या दातातली नाडी निसटली आणि एका सीट कव्हरात अख्खी शिवली गेली. गिऱ्हाइकानं ते उचलून विचारलं, ही काय नवी फॅशन? बाईनं कात्री खाली ठेवली आणि सरळ लेकीच्या खोलीत आली.

“मागच्या गल्लीत ते टर्नर राहतात ना तुमच्या कारखान्यातले? त्यांना एकदा दाखवा.”

“त्यांना?” मायक्रॉनराव असे दचकले की हातातला ब्रश पडला. “मी त्यांचा माल नापास केलाय!”

“तुम्ही कुणाचा नाही केलात?”

“हा वेगळा. हा फोरमनच्या परीक्षेचा होता.”

ती हकिकत मायक्रॉनराव पूर्वी चांगलं तिखटमीठ लावून सांगत. एकोणीस वर्षांपूर्वी फोरमनची जागा रिकामी झाली होती. उमेदवार एकच, हा टर्नर. हाताचा असा पक्का की नवे लोक त्याचं काम बघायला यायचे. परीक्षा म्हणून ऐंशी मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती करायची होती, कमीजास्त वीस मायक्रॉनच्या आत. संध्याकाळी टर्नरनं शेवटचा हात मारला, चकती मशीनवरून काढली आणि थेट यांच्या टेबलावर आणून ठेवली. यांनी मोजली. ऐंशीवर चाळीस मायक्रॉन जास्त. लाल लावला, टेबल आवरलं आणि पाच दहाची बस गाठली. फोरमन बाहेरून आणला गेला, टर्नर शेवटपर्यंत टर्नरच राहिला. “नियम म्हणजे नियम,” असं म्हणून मायक्रॉनराव ही गोष्ट संपवत. इतक्या वर्षांत त्यांना ती एकदाही बोचली नव्हती. आता बोचायचं कारण एवढंच, की त्या माणसाच्या दारात जायची वेळ आली होती.

“मी जाणार नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला कोण जा म्हणतंय?” बाई म्हणाली, आणि चपला घालून स्वतःच गेली.

टर्नर अजून सकाळी एका छोट्या वर्कशॉपमध्ये जायचा. बाईनं पुढे केलेली तडकलेली पट्टी त्यानं उलटीसुलटी करून बघितली. “दहा मिनिटांचं काम आहे वहिनी. उद्या आणून देतो.”

“नको,” बाई म्हणाली. “तुम्ही केलीत तर मला पट्टी मिळेल, पण ते त्या खोलीतून बाहेर यायचे नाहीत. त्यांच्याच हातून झाली पाहिजे. नुसतं कुठं चुकतंय तेवढं बघा.”

टर्नरनं पट्टी तिला परत दिली. मग म्हणाला, “येतो.”

तो आला. बारीक चणीचा, बोटं मात्र जाडजूड. खोलीत पाऊल टाकून त्यानं लाल ठिपक्यांची ती जत्रा पाहिली आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मायक्रॉनरावांनी त्याच्यापुढे तपासणी तक्त्यांची फाइल ठेवली, एकशे बारा पानं. टर्नरनं ती उघडलीसुद्धा नाही. त्यानं खिशातून स्केचपेन काढलं, चकमधून जिथं कटर बाहेर येतो तिथं त्याच्या दांड्यावर एक काळी रेघ मारली आणि म्हणाला, “चालवा.”

मायक्रॉनरावांनी एक नापास पट्टी उलटी लावून लेथ चालवला. पेले नाचले. कटर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. टर्नरनं बटण बंद केलं आणि बोट दाखवलं. काळी रेघ जबड्यापासून दीड मिलिमीटर बाहेर आली होती.

“कटरला पीळ असतो साहेब. कापता कापता तो स्वतःला बाहेर ओढून घेतो. चकचे जबडे गोल माल धरायला असतात, याचा गुळगुळीत दांडा त्यांच्यात सरकतो. म्हणून खाच खोल खोल जाते.” मग फाइलकडे बघून म्हणाला, “तुम्ही सगळं मोजलंत. पकड तेवढी राहिली.”

“हे पुस्तकात नव्हतं,” मायक्रॉनराव म्हणाले.

“असणार. पण पुस्तकात कटर हलत नाही.”

दारात उभ्या असलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. मायक्रॉनरावांचे कान लाल झाले. चौदा महिने ते धातूला, विजेला आणि फरशीला दोष देत होते, आणि या माणसानं एका रेघेत त्यांना तोंडघशी पाडलं होतं. राग आला, लाजही वाटली, आणि त्या दोन्हींखाली कुठंतरी आशाही वाटली, म्हणून त्यांनी फाइल उचलून फळीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी टर्नर एक कॉलेट घेऊन आला. कॉलेट म्हणजे कटरला चारी बाजूंनी आवळणारी पकड. लेथच्या पोटातून आरपार लांब बोल्ट घालून ती मागून ओढून घट्ट करायची. त्यानं स्वतः बनवली होती, याच लेथच्या मापाची. मायक्रॉनरावांचा हात सवयीनं मायक्रोमीटरकडे गेला, पण बायकोनं अशी नजर टाकली की तो परत मांडीवर आला. टर्नरनं स्लाइडचे स्क्रू आवळले, खालचा भाग जागच्या जागी जाम केला. “आता थोडं थोडं घ्या. घाई नको. आणि हँडल तुम्हीच फिरवा.”

हँडल फिरवताना मायक्रॉनरावांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबलाच्या त्या बाजूला उभे होते. खाच पडली, तीन मिलिमीटर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन. पेले जागचे हलले नाहीत. मग दोन्ही टोकं. कटर जरा बोथट झाला होता, धूर निघाला, चुरा निळा पडू लागला, पण पट्टी आकाराला आली. ती त्यांनी फडक्यात धरून काढली. हातात धरवत नव्हती इतकी तापली होती. तशीच मायक्रोमीटरमध्ये धरली, आकडा वाचला.

पंच्याण्णव आणि पन्नास मायक्रॉन. मर्यादेपेक्षा तीस जास्त.

मायक्रॉनरावांनी लाल बाटलीचं झाकण काढलं. ब्रश बुडवला. चौतीस वर्षं हा हात असा गेला होता, पण आज तो पट्टीच्या वर येऊन अडला. डोळ्यांत पाणी तरारलं. आठवी पट्टी, चौदा महिने, आणि मागच्या रांगेतलं ते हसू. आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, थांबा!” त्यांनी ब्रश परत बाटलीत टाकला. “गरम आहे ती! गरम लोखंड फुगतं. थंड झाल्यावर तीस-बत्तीस मायक्रॉननं बसेल खाली. गरम मालाचं माप माप नसतंच मुळी! तासभर ठेवू, खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग बघा.”

बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट केलं, जणू तोच साक्षीदार. पट्टी त्यांनी फरशीच्या तुकड्यावर जपून ठेवली, वर फुंकरही घातली.

टर्नर त्या पट्टीकडे बघत राहिला. मग मायक्रॉनरावांकडे. मग उठला. “तासभर ना? मी घरी जाऊन येतो.”

“चहा तरी घ्या,” बाई म्हणाली.

“आल्यावर घेतो वहिनी.”

तासाभरानं मायक्रॉनरावांनी पट्टी उचलली. थंडगार. मोजली, आणि असे ओरडले की बाई मशीनवरून धावत आली. “सतरा! मर्यादा वीसची, आणि सतरा! पास!” हिरव्या बाटलीचं झाकण वाळून घट्ट बसलं होतं, ते त्यांनी पकडीनं फिरवून काढलं आणि पट्टीच्या कोपऱ्यावर एक गोल, रेखीव, हिरवा ठिपका लावला. बायको हसली. तिला पट्टीपेक्षा त्यांचं तोंड बघून बरं वाटलं होतं. त्यांना वाटलं, आत्ता तो मागच्या रांगेतला माणूस इथं हवा होता.

तेवढ्यात टर्नर आला.

“सतरा!” मायक्रॉनरावांनी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. “बघा, म्हणालो नव्हतो?”

“बरं झालं,” टर्नर म्हणाला. त्यानं पिशवीतून तेलकट फडक्याची एक पुरचुंडी काढली, टेबलावर ठेवली आणि सोडली. आत पोलादाची चकती होती. गंजाचा एक कणही नाही. कडेला एक लाल ठिपका, विटून तपकिरी पडलेला.

मायक्रॉनराव माणसं विसरत, माल विसरत नसत. त्यांनी ती तत्क्षणी ओळखली.

“ही इथं कशी? नापास माल तर भंगारात जातो.”

“भंगारातूनच उचलली. जेवणाच्या डब्यात घालून घरी नेली.” टर्नरचा आवाज अजिबात चढला नव्हता. “मोजा साहेब. आता थंड झाली असेल. एकोणीस वर्षं झाली.”

मायक्रोमीटर तिथंच पडला होता. पंच्याण्णवची पट्टी मोजणारा तोच ऐंशीची चकती मोजतो. तो उचलायला मायक्रॉनरावांना फार वेळ लागला. त्यांनी एकदा मोजलं. चकती जराशी फिरवून पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. चौतीस वर्षं ते माप मोठ्यानं वाचत आले होते, म्हणजे कामगाराला कळावं आणि बाजूच्या चार जणांनाही. आज ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

“किती?” बायकोनं विचारलं.

“बारा.”

“आणि चालतात किती?”

“वीस.”

बाई टर्नरकडे बघायला लागली. मग नवऱ्याकडे. तिनं ती हकिकत तिखटमिठासकट शंभरदा ऐकली होती, पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवता ठेवता.

“मला ठाऊक होतं,” टर्नर म्हणाला. “कारखान्यात रात्री थंड झालेली चकती दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजली होती. तुमच्याकडे आलो, म्हटलं साहेब, एकदा परत बघा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, एकदा लाल लागला की लागला.”

“मला… त्या दिवशी मला…”

“पाच दहाची बस होती. मीही त्याच बसनं जायचो. तुमच्या मागच्या बाकावर बसलो होतो.”

मायक्रॉनरावांनी घाईघाईनं थिनरची बाटली ओढली, चिंधी भिजवली आणि चकतीवरचा लाल ठिपका पुसायला घेतला. टर्नरनं त्यांचं मनगट धरलं. जोरानं नाही, पण कॉलेटनं कटर धरावा तसं.

“पुसू नका. तो राहू दे. हिरवा त्याच्या शेजारी लावा. दोन्ही दिसू दे.”

मायक्रॉनरावांनी ब्रश हिरव्या बाटलीत बुडवला. ठिपका गोल उतरला नाही. फराटा झाला, एका बाजूनं ओघळला आणि लालच्या कडेला जाऊन टेकला. पट्टीवरच्या रेखीव ठिपक्याशेजारी तो भिकार दिसत होता. त्यांच्या टेबलावर असला ठिपका दुसऱ्या कुणी लावला असता तर त्यांनी त्याला नोटीस दिली असती.

“नीट नाही आला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “परत लावू?”

टर्नरनं चकती उजेडात धरून बघितली.

“चालेल,” तो म्हणाला.

मग त्यानं ती फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली, टेबलावरची पट्टी उचलली आणि बाईला म्हणाला, “चला वहिनी, मशीन उघडा, एवढी बसवून देतो.”